पायाखाली वीट नाही

पोहता येऊनही ज्यांचं समाधान होत नाही, अशांचा खेळ म्हणजे वॉटर पोलो. गोलरक्षक धरून एका बाजूला 7 जण, 8 मिनिटांची 4 सत्रं. गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूला एका वेळी दोन हात लावायचे नाहीत, की तळाला पाय टेकायचे नाहीत. विठ्ठलाला कमरेवर हात ठेवून उभं राहायला निदान वीट तरी मिळाली. इथे तीही नाही. म्हणून खेळाडू दोन्ही पाय आलटूनपालटून रवीसारखे फिरवत राहतो. वर चेहरा शांत, खाली ताक घुसळणं चालू. सामन्याआधी पंच सगळ्यांची नखं तपासतात. शाळेत बाई नखं का बघतात ते मुलाला कधी कळत नाही. इथे पहिल्याच झटापटीत कळतं.

‘पोलो’ ऐकून मुंबई लोकलच्या वाटेवरच्या विठ्ठलवाडीतले आजोबा घोड्याची चौकशी करतात. शब्द मूळचा बाल्टी भाषेतला (बादलीशी संबंध नाही, बाल्टिस्तानशी आहे): ‘पुलु’, म्हणजे चेंडू. घोडा त्यात नव्हताच. 1951 साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने वॉटर पोलोचं सुवर्णपदक जिंकलं, हे ऐकल्यावर आजोबांचा प्रश्न एकच: ‘तेव्हा तरी होते का घोडे?’

इथल्या मुलाला सरावाला पाणी हवं. वालधुनी जवळूनच वाहते; पण कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं पोटात घेतलेल्या या नदीत बुडी मारलेला मुलगा कोणत्या रंगाचा वर येईल, याची खात्री कोणी देत नाही. मग लांबचा तलाव, आणि तिथवर लोकल. सकाळच्या मुंबईकडच्या गाडीत बदलापूर-अंबरनाथची मंडळी विठ्ठलवाडीच्या आधीच रुजलेली असतात. पाय टेकत नाहीत, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याने पिशवी छातीशी धरलेली, बरगडीत कोणाचं तरी कोपर. सराव इथेच सुरू होतो. फाऊल मात्र कोणी देत नाही.

असा मुलगा एकाच खेळात ठेवणं शाळेला परवडत नाही. दम टिकतो म्हणून कबड्डीत, हात लांब म्हणून हँडबॉलमध्ये, आणि बाकी कोणी वेळेवर येत नाही म्हणून संचलनात सर्वांत पुढे. घरी पदकं कपाटावर जातात. चर्चा होते ती दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांची.

पालकांना धीर द्यायला वीरधवल खाडे उपयोगी पडतो. वॉटर पोलोचा नव्हे, शर्यतीचा माणूस. पण पाणी तेच. कोल्हापूरचा हा मुलगा 17 वर्षं पूर्ण व्हायच्या आत 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या 3 शर्यती पोहला. 2010 साली ग्वांगझूला 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. खजान सिंगच्या 1986च्या रौप्यपदकानंतर आशियाई खेळांतल्या जलतरणात भारताला मिळालेलं हे पहिलंच पदक. मधे 24 वर्षं गेली होती. पुढे राज्य सरकारने त्याला तहसीलदार केलं. बालपण पाण्यात काढलेल्या माणसाच्या टेबलावर सातबारे आले. त्याच्या कारकिर्दीतला हा एवढा टप्पा मात्र कोणत्याही आईवडिलांना समजावून सांगावा लागत नाही.