बिनबैलाचे बापू

बापूंकडे बैल नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बापूंशी पाच मिनिटं बोललेला माणूस यांच्या दावणीला निदान चार खिलार खोंडं असणार असं धरूनच चालतो. दावणच नाही, तिथे खोंडं कुठली? कुपवाडात दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक जुनी मोटारसायकल आणि औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत मोल्डिंग करण्यात गेलेली उमर. गावाकडची जमीन वाटणीत एवढी बारीक झाली, की तिच्यात बैल उभा राहील, पण वळणार नाही. तरीही रविवारी सकाळी बापू पांढरा शर्ट घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून निघाले, की गल्लीतला कोणीही विचारतो, "बापू, आज कुठलं मैदान?"

मैदान म्हणजे बैलगाडी शर्यत. कुस्तीचंही मैदानच असतं, पण बापूंना त्याबद्दल विचारायचं नाही. दोन पायांवर चालणाऱ्यांच्या खेळात त्यांना फारसा रस नाही.

बापू ही काही एकट्या कुपवाडची मिरास नव्हे. मिरजेपासून विटा-आटपाडीपर्यंत आणि तिकडे खटाव-माणात गावटी एक असा माणूस सापडतोच. कुठे त्याला तात्या म्हणतात, कुठे आबा. खूण एकच. बैल दुसऱ्याचा, छकडा दुसऱ्याचा, पैसा दुसऱ्याचा, बक्षीस दुसऱ्याला आणि घसा मात्र याचा बसलेला. मालकाला निदान पाठीवर थाप मिळते, ड्रायव्हरला फेटा मिळतो. बापूंना मिळते ती धूळ. ती ते घरापर्यंत आणतात आणि वहिनी ती अंगणात झाडून घेतात.

माणसांची वयं बापूंना सांगता येत नाहीत. बैलांची तोंडपाठ. आदत, दुसा, चौसा हा दातांचा हिशेब त्यांच्या जिभेवर इतका बसलाय, की शेजारच्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाकडे एकदा नीट बघून त्यांनी निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय, पर अजून आदत हाय. वरीसभर थांबा." स्थळ वरीसभर थांबलं नाही. पुढे दुसरीकडे जमलं, तर बापू म्हणाले, "ह्यो पैरा बसला." पैरा म्हणजे दोन मालकांनी आपापला एकेक बैल देऊन शर्यतीपुरती जुळवलेली जोडी. त्या लग्नात बापूंनी अक्षता टाकल्या त्या वराच्या चालीकडे बघत. नवरी डाव्या खांद्याची की उजव्या, हे मात्र त्यांनी कुणाच्या लग्नात बोलून दाखवलेलं नाही, एवढा विवेक आहे.

वहिनींचं म्हणणं वेगळं. "ह्यास्नी सगळ्या जिल्ह्यातल्या बैलांचं दात ठावं हाईत. थोरल्याचा एक दात पडला तवा ह्यास्नी आठ दिसांनी कळलं."

बापूंची खरी इस्टेट म्हणजे वह्या. शंभरपानी, पुठ्ठ्याच्या, फाउंड्रीच्या काळ्या बोटांचे ठसे उमटलेल्या. रकाने आखलेले: मैदान, तारीख, गट, चाकोरी, डावा बैल, उजवा बैल, ड्रायव्हर, निकाल. मैदानात गट सुटायला लागले, की सगळं पब्लिक ओरडत असतं आणि बापू लिहीत असतात. एका वेळी पाच-सात छकडे सुटणार, अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर खेळ खलास, पहिला येईल तो सेमीला पास, सेमीतला पहिला फायनलला. धुळीत आपला बैल कुठला हे मालकालाही दिसत नाही, पण बापूंचा रकाना भरलेला असतो. चहाच्या टपरीवर वाद पेटला, की शेवटी कोणीतरी म्हणतं, "बापूंची वही काढा." मग ते शर्टाच्या आत हात घालतात. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे तेज येतं, ते फाउंड्रीच्या भट्टीपुढेही मी कधी पाहिलं नाही.

जुना काळ निघाला, की बापू हमखास मोटारसायकलीवर येतात. तेव्हा आपल्या मिरज-शिरोळ पट्ट्यात लांब पल्ल्याच्या शर्यती व्हायच्या. गाड्या गावाबाहेर सुटायच्या, कित्येक किलोमीटर रस्ता तुडवून फिरून परत यायच्या आणि मागेपुढे मोटारसायकलींचं मोहोळ. मागे बसलेला माणूस उभा राहून, टोपी फिरवत बैलाला नावानं हाका मारायचा. बापूंची राजदूत त्या मोहोळात असायचीच. बैल थकायचे, माणसं पडायची, राजदूतचा सायलेन्सर एकदा सावळीच्या पुढे गळून पडला तो पडलाच. "पर गाडी सोडली न्हाई," असं बापू सांगतात. कुठली गाडी, हे विचारायचं नसतं.

मग ७ मे २०१४ उजाडला. सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. मालकांनी बैल विकले, ड्रायव्हर ट्रॅक्टरवर गेले, पेंडवाल्यांनी कोंबडीखाद्य ठेवायला सुरुवात केली. ज्यांचं काही होतं, त्यांनी काहीतरी दुसरं धरलं. बापूंचं काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांना सोडायलाही काही नव्हतं. रविवार आला की माणूस पिंजऱ्यातल्यासारखा अंगणात येरझाऱ्या घालायचा. वहिनींनी देवदर्शन सुचवलं. बापू गेले खरसुंडीला. सिद्धनाथाच्या पाया पडायला किती वेळ लागला ते माहीत नाही, पण जनावरांच्या बाजारात दिवस गेला.

या काळात बापू कायद्याचे जाणकार झाले. स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचा नंबर ज्यांना आजही सांगता येत नाही, ते सुनावणीच्या तारखा पंचांग सांगितल्यासारख्या सांगू लागले. २०१७ साली विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा त्यांनी राजदूत धुतली. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं ती वाट अडवली, तेव्हा तिच्यावर पुन्हा पोतं टाकलं. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झऱ्याला आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी असताना शर्यतीची घोषणा केली. पोलिसांचा कडक बंदोबस्त. बापू रात्रपाळी संपवून तसेच निघाले. वाटेत नाकाबंदी चुकवत, कुणाच्या डाळिंबाच्या बागेतून, कुणाच्या ओढ्यातून माळावर पोचले तेव्हा ऊन वर आलेलं. मंडळींनी पहाटेच गाड्या पळवून मैदान मोकळं केलं होतं. माळावर उरली होती चाकांची रेघ. बापूंनी ती रेघ पायांनी मोजली आणि वहीत लिहून ठेवली. निकालाच्या रकान्यात लिहिलं, "उशीर."

१६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. बापूंनी फाउंड्रीत पेढे वाटले. सुपरवायझरनं विचारलं, "नातू झाला का?" बापू म्हणाले, "त्याच्यापेक्षा मोठं." १८ मे २०२३ला घटनापीठानं कायदाच वैध ठरवला, तेव्हा मात्र पेढे नव्हते. तोवर रविवारी पेढे वाटायला बापू घरी सापडतच नव्हते.

आता परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची लागते, जनावरांचा डॉक्टर बैल तपासतो, धाव हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक-पराणी-शॉक सगळं बंद. जुन्या दिवसांचं बापू इतकं रंगवून सांगतात, पण पराणीची आर, पिरगाळलेली शेपटी, रस्त्यावर फेस टाकत बसलेला बैल हे त्यात येत नाही. त्यांना ते ठाऊक नाही असं नाही. वहीत त्याचा रकाना नाही, एवढंच. मी एकदा छेडलं, तर बराच वेळ टॉवेलनं मान पुसत राहिले आणि म्हणाले, "कोर्टानं केलं ते काय समदंच वंगाळ न्हाई." बापूंच्या तोंडून कोर्टाला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

नव्या जमान्याशी त्यांचं जमतं आणि जमतही नाही. भाळवणीला २०२३ साली पैलवान चंद्रहार पाटलांनी रुस्तुम-ए-हिंद मैदान भरवलं, बक्षिसाला थार गाडी. बकासुर आणि महिब्या या बैलजोडीनं ती मारली. बापू तेव्हापासून रस्त्यात थार दिसली, की आत कोण बसलंय ते न बघता बॉनेटला नमस्कार करतात. बैलांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स त्यांना पसंत आहेत. यूट्यूबवरचं लाइव्ह नाही. "मोबाईलवर धूळ येत न्हाई," ही तक्रार. निशाणाला कॅमेरा लावून निकाल देतात, ते तर बिलकूल नाही. पूर्वी निकालावर तासभर भांडण व्हायचं, त्यात ओळखी व्हायच्या. आता स्लो मोशन दाखवतात आणि माणसं गप घरी जातात.

बापूंचा भाचा मँचेस्टरला असतो. त्यानं एकदा तिथल्या बेल व्ह्यूच्या मैदानातून व्हिडिओ कॉल केला. स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत चालली होती. बारीक खडीमातीचा लंबगोल ट्रॅक, चार गडी, चार फेऱ्या, मिनिटाच्या आसपास खेळ, आणि वळणावर प्रत्येक गाडी आडवी घसरत, प्रेक्षकांच्या अंगावर माती उडवत जाणारी. बापूंनी चष्मा पुसून दोन गट बघितले.

"आरं, मागच्या मोटारसायकलीच तेवढ्या पळवाय लागल्यात ही. बैल कुठं गेलं?"

"मामा, बैल नसतात यात."

"मग ह्या कुणाच्या मागं लागल्यात?"

भाच्यानं सगळं समजावून सांगितलं. गाडी पाचशे सीसीची, इंधन मिथेनॉल, ब्रेक नाहीत. "छकड्याला तरी कुठं असत्यात," बापू म्हणाले, आणि तिथून त्यांचं मत बदलायला लागलं. सुरुवातीला आडव्या फिती लावलेल्या असतात, त्या वर उडाल्या की सुटायचं, आधी शिवला तो बाद. हे त्यांना झेंड्यापेक्षा पसंत पडलं. झेंडापंच कुणाचा तरी पाहुणा असतो, फितीला पाहुणे नसतात. दोन गटांच्या मध्ये ट्रॅक्टर येऊन माती सारखी करून जातो, तेव्हा तर बापू उभेच राहिले. "बघ, रान करत्यात."

मग कॅमेरा शेजारच्या बाकावर फिरला. तिथे एक साहेब, बापूंच्याच वयाचा, गुडघ्यावर कार्यक्रमपत्रिका ठेवून पेननं रकाने भरत होता. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. तिथली ही जुनी रीत आहे, मैदानात आलेला माणूस आपला निकाल आपण लिहितो. बापू काही बोलले नाहीत. आत गेले, वही घेऊन आले आणि फोनसमोर उघडून धरली. साहेबानंही आपला कागद उचलून दाखवला. दोघांना एकमेकांचं अक्षर लागण्याचा प्रश्नच नव्हता, पण बराच वेळ दोघं माना डोलवत होते.

पुढे भाच्यानं सांगितलं, की १९२८च्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीचला तिकडे हा खेळ सुरू झाल्याचं मानतात. १९३६ साली पहिल्या जगज्जेतेपदाची फायनल वेम्ब्लीवर झाली. आता मात्र मैदानं एकामागून एक बंद पडतायत. विम्बल्डनचं २००५ साली गेलं, कॉव्हेंट्रीच्या ब्रँडनला २०१६नंतर गाडी सुटली नाही.

"कोर्टानं बंद केलं?" बापूंनी विचारलं.

"नाही मामा. जागेला भाव आला, बिल्डरनं घेतली."

"मग अवघड हाय," बापू म्हणाले. "कोर्टात तारीख तरी मिळती."

त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर बापूंनी मँचेस्टरच्या दोन्ही गटांचे निकाल लिहून ठेवले. नावं लागली नाहीत, म्हणून शिरस्त्राणाच्या रंगावर भागवलं: लाल, निळा, पांढरा, पिवळा. बैल असता तर रंग सांगायची वेळच आली नसती, असं ते वर म्हणाले.

मैदान भरवणाऱ्या मंडळींना आता एकच सांगणं आहे. बक्षिसाला थार ठेवा नाहीतर ट्रॅक्टर, त्यातलं काहीच बापूंच्या वाट्याला येणार नाही. पण निशाणापुढे, जिथे छकडे आवरत नाहीत आणि म्हातारी माणसं वही काढून नेमकी तिथेच उभी राहतात, तिथे दोन्ही अंगांना भक्कम बॅरिकेड घाला. दोरी बांधून भागत नाही. आणि त्याच्या आत एक बाकडं टाका.