चार कोटींची वरात

भन्नाट वेगाची स्पोर्ट्स कार रोज रस्त्यावर चालवायला घ्यावी का? सरकारी तिजोरीला विचाराल तर जरूर घ्यावी, जमल्यास दोन घ्याव्यात. परदेशातून तयार होऊन आलेल्या महागड्या गाडीवर नुसतं आयात शुल्कच शंभर टक्क्यांच्या वर बसत आलेलं आहे. म्हणजे बोटीतून उतरते एक गाडी आणि बंदराच्या फाटकातून बाहेर पडताना पावती असते दोन गाड्यांची. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. मग महाराष्ट्राचा वाहन कर, आयात केलेल्या गाडीला सरसकट २० टक्के. मात्र या कराला कमाल मर्यादा आहे, पूर्वी २० लाखांची होती, जुलै २०२५ पासून ३० लाखांची झाली. धनवानांचा खिसा कुठवर कापायचा याचाही शासनाने सहृदयतेने विचार केलेला आहे.

तरी काहींना तेवढेही टोचतात. ते पुदुच्चेरीचं पासिंग करून आणतात. गाडी आयुष्यभर जुहूला, पाटी ‘पीवाय’ची. उलट ज्यांना पैसा दाखवायचाच असतो ते ०००१ नंबर घेतात. त्याचे मुंबई-पुण्यात सहा लाख मोजावे लागतात. तेवढ्यात एक छोटी मारुती विम्यासकट दारात उभी राहते आणि तिला नंबरसुद्धा मिळतो.

आता एवढं मोजून पदरात काय पडतं? वानगीदाखल २०२१ साली आलेली पोर्शे ९११ जीटी३ घेऊ. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, मिनिटाला ९,००० फेरे, ५१० पीएस ताकद. शून्यापासून शंभरावर ३.४ सेकंदांत. कमाल वेग ताशी ३१८ किलोमीटर. यंत्र म्हणून अप्रतिम. त्या इंजिनाबद्दल माझ्या मनात कसलाही आकस नाही, असलाच तर आदर आहे. पण आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला मर्यादा शंभरची आणि समृद्धीवर एकशेवीसची. शंभराचा काटा ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडते. बाकीचे पाच गिअर शोभेचे.

पुणेरी हिशोब करून पाहू. गाडी चार कोटींची धरा. ३१८ पैकी १०० वापरायला मिळणार, उरलेले २१८ पडून. म्हणजे सुमारे पावणेतीन कोटी रुपये आपण असे गुंतवले की जे काढायला गेलं तर वरच्या कमानीवरचा कॅमेरा फोटो काढतो. कारला वेगमर्यादा मोडल्याचा दंड कायद्याने एक ते दोन हजार रुपये. चार कोटींच्या गाडीला दोन हजारांचा धाक! हा दंड नव्हे, याला टिप म्हणतात. आणि साध्या कारपेक्षा आठ-नऊ सेकंद आधी शंभरावर पोचलेला गृहस्थ खालापूरच्या टोलनाक्यावर त्याच साध्या कारच्या मागे उभा असतो.

द्रुतगती मार्गाची गोष्ट दूरचीच. आधी गल्लीतून बाहेर पडायचं आहे. गतिरोधक कसा असावा याचं भारतीय रस्ते परिषदेचं मानक आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई अशी की गाडी ताशी २५ च्या वेगाने अलगद जावी. आमच्या रस्त्यावरचा गतिरोधक निवडणुकीच्या आदल्या महिन्यात एका रात्रीत झाला. उरलेलं डांबर कुठेतरी टाकायचं होतं, ते तिथे टाकलं. त्याला गोलाई नाही, कडा आहे. वरच्या मजल्यावरच्या बिल्डरच्या चिरंजीवांच्या मित्राची स्पोर्ट्स कार त्यावरून जाताना पाहणं हा आमच्याकडे संध्याकाळचा कार्यक्रम असतो. आधी गाडी थांबते. मग आत एक बटण दाबलं जातं आणि गाडीचं नाक चार सेंटिमीटर वर येतं. हे बटण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि माझ्या मते गाडीतलं तेवढंच उपयोगाचं. मग बाजूला बसलेला उतरतो, रस्त्यावर उकिडवा बसतो, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली पाहतो आणि हाताने खुणावतो. “तिरकी घे... अजून तिरकी... ये, ये, ये... बास बास बास!” तिरक्या गाडीने दोन्ही बाजूंचा रस्ता अडलेला. मागे पीएमपीची बस, तिच्यामागे भाजीचा टेम्पो, टेम्पोवाला स्टिअरिंग सोडून मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. शेवटी खर्रर्र असा आवाज येतोच. तो आवाज किती हजारांचा हे गाडीवाल्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

सिग्नलला उभं राहिल्यावर शेजारचा रिक्षावाला आदराने वाकून एकच प्रश्न विचारतो, “साहेब, अ‍ॅव्हरेज किती देते?” कंपनीच्या माहितीपुस्तकात पाचशेदहा अश्वांचं वर्णन आहे, या प्रश्नाचं उत्तर मात्र मालक कधीच देत नाही. काच वर जाते.

वेग वापरता येत नाही म्हटल्यावर हाताशी उरतो आवाज. तो मात्र पुरेपूर वापरला जातो. मुंबईचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ मध्ये खुला झाला, सरळ पट्ट्यात मर्यादा ८०. तिथे मध्यरात्रीनंतर या गाड्या अशा फटाके फोडत जातात की काठावरच्या इमारतींमधून तक्रारी सुरू झाल्या. गाडी एकाने घेतली, झोप सगळ्यांची उडाली.

मराठी माणसाला या विषयात अनुभव नाही असं समजू नका. कसोटीतल्या २९ शतकांशी, म्हणजे ब्रॅडमनशी, बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फियाटने लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली. तिचं सीमाशुल्क झालं एक कोटी तेरा लाखांच्या घरात. ते माफ करायचं ठरलं, देशभर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, शेवटी फियाटने पैसे भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. २०१२ मध्ये तीच गाडी राजेश मापुसकरांच्या ‘फेरारी की सवारी’त झळकली. सिनेमात तिला पळवून नेतात ती कशासाठी? लग्नाच्या वरातीसाठी! पटकथा लिहिणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो. भारतीय रस्त्यावर चारशे अश्वशक्तीची गाडी नेमकी कोणत्या कामाची आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं. वेग ताशी तीन किलोमीटर, पुढे बँड, दोन्ही बाजूंना बघे, आणि आतला माणूस घामाघूम होऊन हसतोय. स्पोर्ट्स कारवाला रोज हेच करतो, फक्त बँडचे पैसे वाचवतो.

गोंधळ होतो तो एखाद्याला पडून राहिलेला वेग वसूल करावासा वाटतो तेव्हा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शेने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा होता, असं पोलिसांचं म्हणणं. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध घातला. ओरड झाल्यावर आदेश बदलला. गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. या परिच्छेदात मी माझ्या पदरचं काहीही घातलेलं नाही.

वेगाची खरोखर हौस असेल तर देशात जागा आहेत. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर सव्वापाच किलोमीटरला थोडंसंच कमी, तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. समोरून उलट्या दिशेने रिक्षा येत नाही, म्हैस आडवी जात नाही, गतिरोधक एकही नाही. गाडी ट्रकवर चढवून पाठवा, आपण विमानाने जा, हेल्मेट घाला, नऊ हजार फेरे मोजून घ्या आणि परत या.

हे सगळं मी वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांना परवा लिफ्टमध्ये समजावून सांगितलं. त्यांच्याही स्पोर्ट्स कारचं बुकिंग तोंडावर आलंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलगा संस्कारी आहे.

“काका, पटतंय मला,” ते म्हणाले. “पण कोइमतूरला आपल्याला ओळखतं कोण?”