उत्तर आधी, प्रश्न मागाहून : नवशिक्यांसाठी सामाजिक संशोधन

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या किंवा नुसतंच इंग्रजी बरं लिहिता येणाऱ्या होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. आरोग्य, शिक्षण आणि नोकरीधंदा या तिन्ही खात्यांत सध्या संशोधनाला भाव आहे. योजना निघाली की आधी बेसलाइन लागते, मध्ये मूल्यमापन लागतं, शेवटी एन्डलाइन लागते. आणि योजना बंद पडलीच, तर ती का पडली याचाही अभ्यास लागतो. हे काम अवघड असतं असा समज उगीचच पसरलाय. क्रम नीट पाळला की झालं: आधी निष्कर्ष, मग प्रश्नावली, मग गाव.

निष्कर्ष शोधत हिंडू नये. पैसे देणाऱ्याच्या कागदात तो असतोच, फक्त भविष्यकाळात लिहिलेला असतो. तिथेही सापडला नाही तर ‘जागृतीचा अभाव’ हा बारमाही निष्कर्ष हाताशी ठेवावा. बाळंतपण घरी झालं, जागृतीचा अभाव. पोर सातवीतून गळलं, पालकांत जागृतीचा अभाव. कामगाराचं बोट मशीनमध्ये गेलं, सुरक्षेबाबत जागृतीचा अभाव. या निष्कर्षाची खुबी अशी की रस्ता, पगार, पाणी, रिकामी पडलेली डॉक्टरची जागा, यांतल्या कशालाच हात लावावा लागत नाही. उपाय म्हणून पोस्टर छापता येतात, आणि पोस्टर किती वाटली हे मोजता येतं.

गाव कसं निवडावं

रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात बाहेरून खेड्यात येणाऱ्या तज्ज्ञांच्या खोडी नोंदवून ठेवल्या आहेत. ते डांबरी रस्त्यालगतच्या गावांत जातात, कोरड्या हंगामात जातात, जिथे प्रकल्प चालू आहे तिथेच जातात, पुढाऱ्यांना आणि पुरुषांना भेटतात, आणि अडचणीचं काही विचारणं सभ्यपणाला धरून नाही म्हणून गप्प बसतात. चेंबर्सनी हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय. नवशिक्याने ते प्रवासाचं नियोजन म्हणून वाचावं.

मेळघाटात किंवा भामरागडला भर पावसात जाऊ नये. ओढ्यांना पाणी असतं, रस्ता तुटलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं, पोरं तापाने फणफणलेली असतात. आकडे खराब येतात. दिवाळीनंतर जावं. हवा छान असते, पिकं घरात आलेली असतात, कुणीतरी हुरड्याला थांबवून घेतं. कुपोषणाचा अभ्यास करायला याहून चांगला काळ नाही.

गावात शिरल्यावर कुठल्या घरी जायचं? सरपंच सांगतील त्या. इथे एक चुकीचं उदाहरण दाखवायला हवं. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून चालवलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं घेतात. सरपंचांना भेटतात, पण केवळ कल्पना द्यायला. मग गावभर फिरून कच्चा नकाशा काढतात, त्याचे चार भाग पाडतात, आणि प्रत्येक भागात मध्यापासून निघून डाव्या हाताला वळत दर पाचव्या घराचं दार वाजवतात. या पद्धतीत सरपंचांच्या चुलतभावाचं घर हमखास सुटतं आणि गावाबाहेरच्या वस्तीवरचं एखादं पदरात पडतं. कुत्रीही त्याच टोकाला असतात.

प्रश्न कसा विचारावा

‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटावं, असा प्रश्न करावा. “काकू, बाळाला सहा महिने फक्त अंगावरचंच दूध पाजलंत ना?” “हो तर.” “जेवायच्या आधी हात साबणानं धुता ना?” “धुतो की.” मागे आशाताई उभ्या असाव्यात, म्हणजे उत्तर आणखी पक्कं होतं. सून दाराआड आणि उत्तरं सासूबाई देताहेत, असं झालं तरी बिघडत नाही. फॉर्मवर सुनेचं नाव घालावं.

माणसं खोटं बोलतात असं नव्हे. ती पाहुणचार करतात. पोरगी उन्हातान्हातून आलीय, हातात टॅब घेऊन धडपडतेय, तिला हवं ते देऊन टाकावं, एवढाच विचार असतो. जगभरच्या संशोधनाला सर्वांत मोठी देणगी कुणी दिली असेल तर या चांगुलपणाने. पंजाबात खन्ना इथे १९५० च्या दशकात हार्वर्डच्या लोकांनी संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. गोळ्या घरोघर वाटल्या, लोकांनी त्या घेतल्या, घेतल्याची नोंद झाली. जन्मदर काही त्या गोळ्यांनी खाली आला नाही. पुढे महमूद ममदानी त्यातल्या एका गावात गेले आणि त्यांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं. लोकांनी त्यांना सांगितलं, इतक्या लांबून आलेल्या भल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? एकाने तर त्या गोळ्या रचून घरात शोभेची वस्तू केली होती. शेतावर राबायला आणि म्हातारपणी बघायला मुलगे लागतात हे त्या गावातलं कुणीही सांगितलं असतं, पण प्रश्नावलीत ते विचारायला जागा नव्हती. नवशिक्याने यातून घ्यायचं ते एवढंच: गोळ्या ‘घेतल्या का’ असं विचारावं, ‘वापरल्या का’ असं विचारू नये.

वयाचं फार मनाला लावून घेऊ नये. खेड्यातली म्हातारी माणसं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशी टप्प्याटप्प्यानेच म्हातारी होतात. जनगणनेच्या तक्त्यांतही शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचे ढीग दिसतात. कष्टाळू लोक अशा वेळी घटनांचा आधार घेतात. “आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात, तेव्हा थोरला कडेवर होता की चालत होता?” आजी खुलतात, उत्तर नेमकं येतं, पण एका वयासाठी अर्धा तास आणि दोन चहा जातात. रोजचा कोटा भरत नाही.

आठवणीचा कालावधी मात्र विचारपूर्वक निवडावा, कारण गरिबी कमी करायचा तो सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५५ व्या फेरीत, म्हणजे १९९९-२००० मध्ये, अन्नावरचा खर्च त्याच घराला ७ दिवसांचाही विचारला आणि ३० दिवसांचाही, शेजारशेजारच्या रकान्यांत. एक उत्तर दिल्यावर माणूस दुसरं त्याच्याशी जुळवून घेतो. ३० दिवसांचा आकडा फुगला, आणि देशातली गरिबी सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ वर आल्याचं दिसलं. त्यातली किती खरोखर घटली आणि किती रकान्यांच्या शेजारामुळे घटली, यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत होते. एवढं काम एकाही योजनेने इतक्या झटपट केलेलं नाही.

आरोग्य

दवाखान्याचं रजिस्टर उतरवून घ्यावं. जे आले ते आजारी, जे आले नाहीत ते निरोगी.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलं ते नवशिक्याने अजिबात गिरवू नये. दोन गावांतल्या स्त्रियांना त्यांनी, तक्रार असो वा नसो, तपासलं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं: तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, असं धरून चाललेल्या यंत्रणेच्या कुठल्याही रकान्यात हा आकडा मावत नव्हता. आता याला पोस्टर पुरणार का? त्यांना मग पुढेही काम करत बसावं लागलं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, जन्ममृत्यूची नोंद ठेवली, तुलनेसाठी दुसरी गावं धरली, आणि १९९९ मध्ये दाखवलं की नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे देशभरातल्या आशांच्या कामात हे शिरलं. तीन वर्षांच्या ग्रँटवर जगणाऱ्याला हे कसं परवडायचं?

यंत्रावर भरवसा ठेवायला हरकत नाही, कारण यंत्र माणसांच्याच हातात असतं. उदयपूर जिल्ह्यात नर्सबाई उपकेंद्रावर येतात का हे पाहायला हजेरीची यंत्रं दिली होती. सुरुवातीला हजेरी सुधारली. मग आरोग्य खात्याने ‘सूट दिलेले दिवस’ सढळ हाताने मंजूर करायला सुरुवात केली, आणि दीडेक वर्षात सगळं पूर्वपदावर आलं. मूळ दोष यंत्राचा नव्हता. गैरहजेरीला परवानगी होती, एवढंच.

शाळा

शाळेत कळवून जावं. लेझीम, स्वागतगीत, गुलाबाचं फूल, आणि फळ्यावर रंगीत खडूने तुमचं नाव, बहुधा चुकीचं. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून हजेरीपट उतरवावा. वर्गात जायची वेळ आलीच, तर पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं करावं. ती त्याचसाठी पहिल्या बाकावर बसवलेली असते.

न कळवता जाण्यात काय धोका असतो ते २००३ मधल्या एका पाहणीत दिसलं. वीस राज्यांतल्या ३,७०० शाळांत माणसं अचानक जाऊन उभी राहिली. देशभरात चारातला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण १५ टक्के निघालं, झारखंडात ४२. हजेरीपटात यातलं काहीच सापडलं नसतं.

‘असर’वाले तर मुलांची परीक्षा शाळेत घेतच नाहीत. त्यासाठी ते घरी जातात, कारण शाळा सोडलेलं पोर शाळेत सापडत नाही. ओट्यावर बसून मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल वाचतं किंवा वाचत नाही; आई बघत असते. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. इतका साधा कागद, आणि शिक्षणाचा खर्च, बांधलेल्या खोल्या, पटनोंदणी या सगळ्या सुबक तक्त्यांना त्याने वाकुल्या दाखवल्या. आपल्या अहवालात ‘अध्ययननिष्पत्ती’ हा शब्द भरपूर वापरावा आणि कुणालाही काही वाचायला देऊ नये.

कचेरी आणि कारखाना

इथे संशोधन सर्वांत सुखाचं, कारण उत्तर देणाऱ्याचा पगार प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात असतो. एचआरने ‘पूर्णपणे निनावी’ पाहणी काढावी आणि पहिल्याच पानावर विभाग, वय, लिंग आणि नोकरीची वर्षं विचारावीत. तीन माणसांच्या अकाउंट्स विभागात सत्तेचाळीस वर्षांची एकच बाई असते. तिचं समाधान पाचपैकी पाच येतं.

उद्योगातल्या संशोधनाची सगळ्यांत प्रसिद्ध कथा हॉथॉर्नची. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला. उजेड वाढवला तरी काम वाढलं, घटवला तरी वाढलं, म्हणून लक्ष दिलं की माणूस जास्त काम करतो, असं व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. दिव्यांच्या प्रयोगाचे मूळ आकडे हरवलेत असं धरलं जात होतं. ते सापडले, २०११ मध्ये तपासून छापले गेले, आणि कथेतला नाट्यमय भाग त्यांत जवळपास नव्हताच. कथेच्या तब्येतीला काही झालेलं नाही. अजून शिकवतात.

याच्या उलट तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत झालेलं काम. १७ कंपन्यांतल्या काहींना महिनोन्‌महिने सल्लागार फुकट दिले, बाकीच्यांना नाममात्र. सल्ला जगावेगळा नव्हता: फरशीवरचा कचरा उचला, सुताच्या गोण्यांवर चिठ्ठी लावा, कापडात दोष कुठे येतो ते रोज लिहा. वर्षभरात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पुढे कित्येक वर्षांनी परत जाऊन पाहिलं, तर सुरू केलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. तरी मला त्यातलं सगळ्यांत आवडलेलं वेगळंच आहे. कंपनी किती मोठी होते, हे मालकाच्या घरात पुरुषमाणसं किती यावर ठरत होतं, कारण घरच्याशिवाय कुणाच्या हाती किल्ल्या द्यायच्या नाहीत. हे निघालं, कारण मालकाच्या घरी कोण कोण आहे हे कुणीतरी विचारलं. तुमच्या प्रश्नावलीत ‘कामगारांची मानसिकता’ हा विभाग असतो; मालकांच्या मानसिकतेचा विभाग कुणी छापायला सांगत नाही.

अहवाल

‘समाधानी’ आणि ‘बऱ्यापैकी समाधानी’ यांची बेरीज करावी. ‘असमाधानी’ दोन भागांत तोडावेत, म्हणजे तक्त्यात दोन्ही काड्या बुटक्या दिसतात. मुखपृष्ठावर हसरी मुलगी, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातली. कार्यकारी सारांश दोन पानांचा, कारण उरलेलं कुणी वाचत नाही, आणि म्हणूनच खरी माहिती असलीच तर ती परिशिष्ट ‘ग’मध्ये ठेवावी.

शेवटी फील्डमधल्या एका प्रसंगाची तयारी करून ठेवा, कारण तो येणारच. फॉर्म संपलेला असतो, तुम्ही टॅब पिशवीत घालत असता, आणि चहाचे कप उचलता उचलता बाई विचारतात, “मागं पण तुमच्यासारखेच आले होते, सगळं लिहून घेऊन गेले. त्याचं काय झालं, ताई?” हा प्रश्न त्यांचा असल्यामुळे त्याला क्रमांक नसतो. गोंधळून जाऊ नये. ‘वर पाठवलंय’ असं सांगावं. फारच खोदून विचारलं तर ‘इतर’ हा पर्याय निवडून कोड ९६ टाकावा आणि सेव्ह करावं. पुढचं घर त्याशिवाय उघडत नाही.