पुण्याच्या कसब्यात राहून कथाकार कसे व्हावे

आधी नोकरी धरा. कथा मागाहून सुचली तरी चालते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी. जयंत पवार वर्तमानपत्रात होते; २०१२ साली त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार कथेला मिळतो, घरभाडं पगारातून जातं.

लिहायला शांतता लागत असेल तर तांबट आळीत खोली बघू नका. तिथे हातोड्या चालू असतात. मठारकाम करणारा कारागीर हंड्यावर ठोक्याशेजारी ठोका असा बसवत जातो, की सगळं तांबं चकाकत्या खळ्यांनी भरतं. एक ठोका वाकडा पडला तरी गिऱ्हाइकाला लांबून दिसतो. कथेतलं वाकडं वाक्य संपादकालाही दिसत नाही, ही आपल्या धंद्यातली मोठी सोय.

वाड्यातल्या माणसांवर जरूर लिहा. ज्यांच्यावर लिहाल ते वाचत नाहीत. ज्यांच्यावर लिहिलेलं नसतं, ते मात्र स्वतःला बरोबर ओळखतात आणि जिन्यात गाठतात.

हंगाम एकच, दिवाळीचा. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याला ही सवय लागली. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद झाल्यावर तर एरवी कथा द्यायची कुठे, हाच प्रश्न. तेव्हा कथा उन्हाळ्यातच धाडावी. मानाचा पहिला कसबा गणपती बसेपर्यंत फोन आला नाही, तर जाहिराती भरपूर आल्या असं समजावं. फोन आलाच तर ‘दोन पानं कमी करा’ म्हणून येतो. करावीत. त्या दोन पानांवर सराफ बसणार असतो आणि तो रोख पैसे देतो. तुम्ही मानधनाचं विचारू नका. लेखकाची प्रत मागा, ती मिळण्याची शक्यता जास्त.

कथाकथनाचीही वाट आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांनी गावोगावी सभागृहं भरवली. मात्र त्यासाठी कथेत काहीतरी घडावं लागतं, म्हणून नवोदितांनी या भानगडीत पडू नये.

दहा-बारा कथा साठल्या की बाड घेऊन प्रकाशकाकडे जा. तो चहा मागवेल, बाड न उघडताच बाजूला ठेवेल आणि विचारेल, “कादंबरी आहे का हो?”

“आहे,” म्हणा. घरी येऊन सगळ्या पात्रांना एकच आडनाव द्यायला घ्या.