मुलीला गाईडमध्ये घालताना घ्यावयाची खबरदारी

मुलीत आत्मविश्वास आला पाहिजे, याबद्दल आजकाल कोणाचंच दुमत नाही. मतभेद आहे तो किती यावा एवढ्यापुरता. स्नेहसंमेलनात माईकसमोर न अडखळता बोलण्याइतका जरूर यावा. घरी येऊन 'उद्यापासून क्लासला मी सायकलने एकटी जाणार' म्हणण्याइतका येऊ नये. हे प्रमाण सांभाळून मुलीला शाळेच्या गाईड पथकात कसं घालावं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा प्रपंच.

दहाच्या आतली मुलगी म्हणजे बुलबुल. तोवर काळजीचं काही नाही, फोटो छान येतात. दहानंतर ती गाईड होते आणि तिथून पुढे डोळ्यांत तेल घालावं लागतं. गणवेश, स्कार्फ, तो अडकवायचा वॉगल, शिट्टी आणि दोरी एवढं सामान लागतं. शिट्टी त्याच दिवशी माळ्यावर टाकावी. दोरीकडे मात्र बहुतेक पालकांचं दुर्लक्ष होतं आणि नेमके तिथेच ते फसतात.

त्या दोरीवर गाठी शिकवतात. रीफ नॉटच घ्या. आधी उजवं टोक डाव्यावरून घ्यायचं, मग डावं उजव्यावरून. गाठ सपाट बसते, टोचत नाही, म्हणून जखमेच्या पट्टीला तीच बांधतात. दुसऱ्या खेपेलाही उजवंच वर घेतलं, तर गाठ दिसते तशीच. पण ओढ बसली की सरकते. तुम्ही-आम्ही जन्मभर बांधत आलो ती ही दुसरी. आता मुलीने गाडीच्या टपावरचं, बाबांनी बांधलेलं सामान एकदा का सोडलं आणि पुन्हा बांधलं, की घरात कोणी कोणाचं ऐकायचं हा प्रश्न उभा राहतो. सबब गाठींचा सराव वहीत आकृत्या काढून करून घ्यावा.

यापुढचा धोका खरी कमाईचा. मुलींनी अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, हा या उपक्रमाचा मूळ हेतू. तो निरुपद्रवी करण्याची पद्धत पालकांनी आपापसांत केव्हाच बसवली आहे. भेळेचा स्टॉल लावावा. आईने पहाटे उठून कांदा चिरावा, हिरवी आणि चिंचेची चटणी वेगवेगळ्या डब्यांत भरावी, बाबांनी कुरमुरे-फरसाण आणावं, आणि मुलीने प्लॅस्टिकचे हातमोजे घालून उभं राहावं. गिऱ्हाईक म्हणून तेच आईबाबा दहा वाजता पुन्हा हजर. सामान चारशेचं, विक्री तीनशेची, आणि वहीत 'कमाई रु. ३००'. सामानाचा खर्च धरायचा नाही, हा संकेत कसोशीने पाळावा. एखाद्या आगाऊ मुलीने स्वतःच बेरीज-वजाबाकी केली, तर शंभराचा तोटा चव्हाट्यावर येतो, आणि पुढच्या वर्षी ती भेळ सोडून लिंबू सरबत विकते. त्यात नफा असतो.

शिबिराला पाठवणं टळत नाही. बॅग आईनेच भरावी, म्हणजे कुठे काय ठेवलंय ते मुलीला कळत नाही आणि घरची आठवण तासातासाला येते. गाईड कॅप्टनबाईंना दर तीन तासांनी फोन करून 'जेवली का?' विचारावं. तिकडे बिनभांड्याचा स्वयंपाक करायला लावतात. कणकेची लांब वळी काठीला गुंडाळून निखाऱ्यावर फिरवायची, बटाटे राखेत पुरायचे, तापलेल्या सपाट दगडावर भाकरी टाकायची. पहिली करपते, दुसरी कच्ची राहते, तिसरी खाण्यासारखी होते, आणि ती खाऊन आलेली मुलगी घरच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं सोडून उठून मीठ घेते. बारा जणांच्या डिनर सेटवर खर्च केलेल्या घराला हे परवडणारं नाही.

गणवेशाची टापटीप पाहून भुलू नये, या चळवळीचा इतिहासच संशयास्पद आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली आगंतुकासारख्या हजर झाल्या, आणि आम्हीही स्काउटच, म्हणाल्या. मुलगी आहे हे कळू नये म्हणून कित्येकींनी आधी नुसती आद्याक्षरं देऊन नावं नोंदवली होती. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांना त्यांच्यासाठी १९१० मध्ये वेगळी संघटना काढावी लागली. सांभाळायला दिली बहिणीला, ॲग्नेसला. पुढच्याच वर्षी जबलपूरला भारतातलं पहिलं पथक निघालं. त्या पहिल्या मुलींनी घरी विचारलं असेल, असं काही वाटत नाही. पुणेकर पालकांना तर जादा सावधगिरी लागते. गाईड मुलींच्या जागतिक संघटनेचं 'संगम' हे केंद्र १९६६ पासून आळंदी रस्त्यावर आहे आणि देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. तिथून जाताना मुलीला मोबाईल द्यावा, म्हणजे ती खिडकीबाहेर बघणार नाही.

मग घालायचंच कशाला? सर्टिफिकेटसाठी. प्रवेश, तीन सोपानं, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे, आणि दहावीला सवलतीचे गुण म्हटल्यावर कोणाचाही विरोध मावळतो. फक्त सर्टिफिकेट यावं आणि बाकीचं येऊ नये, अशी सोय अजून निघालेली नाही, एवढी एकच अडचण.

ज्यांच्या शाळेत पथकच नाही, त्यांनी निर्धास्त असावं. मुख्याध्यापकांना विचारायला मात्र चुकूनही जाऊ नका. एखाद्या शिक्षिकेने प्रशिक्षण घेतलं आणि शाळेने नोंदणी केली की पथक सुरू होतं. विचारणारे चार पालक नसले, की नोंदणीचा कागद टेबलावरून हलत नाही.