प्रेसिंग कुठलं?

“काल अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकला,” असं मी जिन्यात सहज बोलून गेलो, तिथेच चुकलं. भाजीची पिशवी घेऊन वर चढणाऱ्या शेजाऱ्याशी माणसानं फार तर पावसाबद्दल बोलावं.

“कुठला?” काकांनी विचारलं.

“मारवा.”

“मारवा कळलं रे. प्रेसिंग कुठलं?”

मी तो भांडी घासताना फोनवर ऐकला होता, आणि आवाज वाढावा म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवला होता. तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं. काकांनी पिशवी पायरीवर टेकवली. समाचाराला गेल्यावर माणसं ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात ते म्हणाले, “संध्याकाळी ये. सहाला. आणि येताना पोटभर खाऊन ये.”

असे काका फक्त आमच्याच जिन्यात असतात असं नाही. पुण्यात आहेत, पार्ल्यात आहेत, मडगावात आणि धारवाडातही आहेत. बँकेतून नाहीतर कॉलेजातून निवृत्त झालेले असतात. ओळखायची खूण एकच. तुम्ही गाण्याबद्दल बोलता. ते, गाणं ज्या वस्तूवर आहे त्या वस्तूबद्दल बोलतात. तुम्ही म्हणता, काय तो निषाद! ते म्हणतात, हो, पण लेबल काळं की लाल, आणि प्रेसिंग, म्हणजे तबकडीचा छाप, कुठला? इस्त्रीवाल्या पोऱ्यानं एकदा दारात येऊन “काका, प्रेसिंग!” अशी हाक मारली, तर आतून उत्तर आलं, “डमडमचं असेल तर आण.” कलकत्त्याजवळच्या डमडमला तबकड्यांचा मोठा कारखाना होता, हे त्या पोऱ्याला कुठून ठाऊक असणार? तो चार शर्ट ठेवून गेला.

संध्याकाळी गेलो. दिवाणखान्यात दोन स्पीकर देवाच्या समयांसारखे उभे, समोर एक खुर्ची, आणि खुर्चीच्या चारी पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा. त्या घरात गाणं ऐकण्याची बरोबर जागा ती एकच. बाकी सोफा, पाहुणे आणि काकू हे सगळे चुकीच्या जागी. टर्नटेबलखाली शहाबादी फरशीचा तुकडा, त्याखाली सायकलची ट्यूब, आणि बाजूला गवंड्याची पाणसळ. तबकडी सपाट फिरली नाही तर सुई खाचेच्या एकाच भिंतीवर रेलते, म्हणून ती आणलेली. पण बुडबुडा काही केल्या मधोमध येईना. काकांनी टेबल तपासलं, मग फरशी तपासली, मग शेजाऱ्यांची फरशी तपासली, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून सांगितलं, की इमारत कललेली आहे. अध्यक्षांनी घाबरून विचारलं, “किती?” काका म्हणाले, “विलंबितात कळत नाही. द्रुतात जाणवतं.” हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदलेलं आहे.

मे महिना होता आणि पंखा बंद होता. मी वर पाहिलं तेव्हा काका म्हणाले, “पंख्याचं एक वेळ सोड. विजेचं काय करायचं?” आपली वीज ५० हर्ट्झची. अॅम्प्लिफायरमध्ये तिचा जो हुंकार शिरतो, तो जवळजवळ पांढरी पाचचा. गवई काळी एकला गात असेल, तर ही वीज त्याला अहोरात्र तीव्र मध्यम लावून देते. “म्हणजे यमन चालतो, पुरिया चालतो, आपला मारवा चालतो,” काका म्हणाले. “भीमपलास या घरात गेली दहा वर्षं वाजला नाही.”

मग मारवा लागला. तो कसा होता ते मी लिहीत नाही, कारण तो चांगला होता, आणि चांगल्या गोष्टीवर विनोदी लेखात फार रेंगाळू नये. बाजू संपली. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी म्हटलं, “लावा आता दरबारी.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजले होते. “दरबारी आत्ता?”

तबकडी उलटायला बाकीच्यांना पाच सेकंद लागतात, काकांना पाच तास. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. मधल्या वेळात पाहुण्यानं बसून राहायचं. पोटभर खाऊन यायला का सांगितलं होतं, ते मला साडेनऊच्या सुमाराला कळलं.

या पाच तासांतच माझं शिक्षण झालं. सुई कितीही आत गेली तरी एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोड्या वरच फेरे घेते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि लेबलाजवळचा त्याच्या निम्म्याहूनही लहान. म्हणजे सुईखालून जाणारी खाच आत आत मंदावत जाते, आणि आवाजाची धार बोथट होते. “आता बघ,” काका म्हणाले, “ख्याल कसा चालतो? सुरुवातीला आलाप, शेवटी द्रुत ताना. जिथं फेरा मोठा, तिथं आपला गवई एका सुरावर ठाण मांडून बसतो. आणि फेरा लहान झाला की धावत सुटतो! ही वस्तू ज्यानं शोधली, त्याला ख्याल माहीत असता तर त्यानं सुई आतून बाहेर फिरवली असती.” हा मुद्दा मला आजही खोडून काढता आलेला नाही.

आठला स्पूलवाले आले. प्रत्येक रेकॉर्डवाल्या काकांना एक स्पूलवाले असतातच. दोघांचं पटत नाही, आणि एकमेकांशिवाय करमतही नाही. स्पूलवाल्यांच्या मते स्टुडिओतलं गाणं हे गाणंच नव्हे. समोर लाल दिवा, डोक्यावर घड्याळ, त्यात कसला राग उलगडणार? खरं गाणं घरगुती मैफलीत. त्यांच्याकडे अशाच एका मैफलीची फीत आहे. तीत तानपुरा लांब आणि कुकर जवळ. तीन शिट्ट्या, एक रडणारं मूल, “चहा इकडे द्या” असा ठसठशीत आवाज, आणि विसाव्या मिनिटाला एक खोकला. तो खोकला ओळखायचा असतो, कारण तो स्पूलवाल्यांचा आहे. सात इंची स्पूल, सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे एका बाजूला साधारण तास. ज्या क्षणी गवई तिहाईत तानेचा शेवट बांधून समेवर येणार, त्या क्षणी फीत संपते आणि टोक लपलप करत फिरत राहतं. स्पूलवाले त्या समेची चाळीस वर्षं वाट पाहताहेत.

“समेशिवायचं गाणं!” काका म्हणाले.

“तुमच्याकडे गवई ७८च्या तबकडीत अख्खा राग तीन मिनिटांत उरकतो. ते काय, गाडी पकडायचीय त्याला?”

“ती ७८ तरी खरी का?” असं मी मध्येच विचारलं, आणि पहिल्यांदाच दोघांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. जुन्या तबकड्यांवर वेगाचा काही नेम नसे. ७८ला कापलेली तबकडी तुमच्या यंत्रावर साडेब्याऐंशीच्या आसपास फिरली, की काळी एकचा गवई पांढरी दोनला जाऊन पोचतो आणि तबलजीला विनाकारण घाई होते. अब्दुल करीम खाँसाहेब नेमके कुठल्या पट्टीत गायले, यावर मग दोघांचं पाऊण तास चाललं. काकू आतून म्हणाल्या, “ते गायले हे तरी दोघांना मान्य आहे ना?”

भांडण मिटतं ते एकाच ठिकाणी. अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांची नाही. इथं दोघंही गप्प होतात. या दोघांचं गाणं जगात कुठल्याच लेबलावर नाही, म्हणून त्यात खरखर नाही, पट्टीचा वाद नाही आणि फीतही संपत नाही. दोघांच्या मते आजवरची सर्वोत्तम दोन ध्वनिमुद्रणं हीच.

काका तबकडी कुणाला देत नाहीत. कारण विचारलं की केसरबाई केरकरांचं उदाहरण देतात. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तांब्याच्या तबकडीवर सोन्याचा मुलामा, सोबत सुई आणि कार्ट्रिज, आणि वाजवायची कशी ते झाकणावर चित्रांनी कोरलेलं. “सुई देऊन, चित्रं काढून, सगळं समजावून दिली,” काका म्हणतात. “आली का परत?”

बाराला पाच मिनिटं असताना काकांनी हात धुतले आणि दरबारीसाठी तबकडी उचलली. तेव्हा मारव्याच्या बाजूवर मला एक तिरका ओरखडा दिसला. मग आठवलं, आलापीच्या मध्यावर ‘टक्... टक्...’ असं काहीतरी ऐकू येत होतं खरं. एलपीचा फेरा १.८ सेकंदांचा. त्यामुळे दर १.८ सेकंदांनी एक टक्, असे वीस टक्, म्हणजे छत्तीस सेकंद. खाली झुमरा चाललेला, वर हा टक् आपल्या वेगळ्याच लयीत.

इतक्या काटेकोर माणसाकडे ओरखडा! मी काकांकडे पाहिलं. उत्तर काकूंनी दिलं. मुलगा चार वर्षांचा असताना त्यानं फिरत्या तबकडीवर टोनआर्म ओढला होता. त्या दिवशी दोन धपाटे त्याला पडले आणि दोन दिवस अबोला काकूंना. मुलगा आता अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी त्यानं कुठूनशी याच मारव्याची घासूनपुसून स्वच्छ केलेली फाईल पाठवली. खरखर शून्य. काकांनी खुर्चीत बसून ती डोळे मिटून ऐकली. खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही पुसली जाते, हा त्यांचा नेहमीचा आक्षेप. पण या वेळी तो त्यांनी घेतला नाही. आलापी मध्यावर आली, तशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप उचलली गेली आणि तशीच अधांतरी थांबली. पुढचा सूर आला तरी खाली येईनात.

“मला वाटलं, मलाच तसं झालं,” काकू म्हणाल्या. कारण नवीन वायर आणली, नवीन सुई आणली, की काका परीक्षेसाठी नेमके तेच छत्तीस सेकंद लावतात. पस्तीस वर्षांत काकूंना मारवा येतो तो तेवढाच, पण तेवढा चोख. पोळ्या लाटताना त्या तो गुणगुणतात, आणि मध्ये जिभेनं ‘टक्’ करतात.

काकांकडे त्या मारव्याच्या आणखी दोन प्रती आहेत, दोन्ही निर्दोष. त्या कपाटात उभ्या असतात. लागते ती हीच.

तेव्हा तुमच्या माळ्यावर वडिलांच्या तबकड्या असतील, तर एवढं करा. आडव्या रचू नका, वाकतात, उभ्या ठेवा. उन्हापासून लांब ठेवा. आणि भंगारात देण्याआधी त्यातली सगळ्यात घासलेली, सगळ्यात ओरखडे पडलेली निवडून बाजूला काढा. चांगल्या प्रती जगात इतरांकडेही आहेत. आमच्या काकांना दाखवायला आणणार असाल तर संध्याकाळी सहाला या, आणि येताना पोटभर खाऊन या.