अण्णांची लोखंडी कढई

जतच्या एसटी स्टँडकडून बाजारपेठेत येताना पुढच्या गर्दीत एखादं डोकं उन्हात तांबूस चमकलं, तर ते अण्णांचं किंवा अण्णांच्या एखाद्या शिष्याचं, असं खुशाल धरून चालावं. अण्णा निवृत्त शिक्षक. विषय इतिहास. नोकरी संपल्यावर काहींना भजनी मंडळ सापडतं, काहींना डाळिंबाची बाग, काहींना भावकीतला बांधाचा दावा. अण्णांना केस सापडले. होते ते आधीपासूनच, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

तोवर अण्णाही चारचौघांसारखे सलूनच्या खुर्चीत बसून ‘काळी मेंदी’ लावून घ्यायचे. पुडीवर हिरव्या पानाचं चित्र, दहा-पंधरा मिनिटांत डोकं कुळकुळीत, वर दाढी आणि राजकारण. पुतण्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी मात्र कानामागं खाज सुटली आणि सकाळी आरशात भलताच माणूस दिसला. पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. त्या रात्रीच्या सगळ्या फोटोंत अण्णा काळा गॉगल लावून उभे आहेत. मुलीकडच्या मंडळींचा समज झाला, की मास्तर जरा रंगेल आहेत. तो समज अजून कुणी दूर केलेला नाही, आणि अण्णांचाही त्याबाबत फारसा आग्रह दिसत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या देण्याआधी पुडी मागितली. पुढच्या बाजूला पान, आणि मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत पॅरा-फिनायलीन डायअमीन. हेच ते पीपीडी. बाजारातल्या बहुतेक पक्क्या काळ्या रंगांचा जीव याच रसायनात असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की केसाच्या आत जाऊन त्याचा काळा रंग तयार होतो. कित्येकांना ते आयुष्यभर सोसतं. पण एकदा का कातडीनं त्याच्याशी वैर धरलं, की पुढं प्रत्येक वेळी सूज आणि पुरळ ठरलेलं. युरोपात केसांच्या रंगात ते मिसळल्यानंतर 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. आपल्याकडे ‘काळी मेंदी’ म्हणून खपणाऱ्या कित्येक पुड्यांत मेंदी नावापुरती, बाकी सगळा कारभार पीपीडीचा.

अण्णांनी हे सगळं भिंगातून वाचलं आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. तेव्हापासून किराणा दुकानात उभं राहून ते दुसऱ्यांच्या हातातल्या पुड्या उलट्या करून बघतात. “पुढं काय लिवलंय ते बघू नगा, मागं बघा. माणसाचंबी तसंच असतंय.” शिष्य गोळा झाले की इतिहासाचा तास सुरू होतो. “1907 साली पॅरिसात युजीन श्युलर नावाच्या केमिस्टानं असला रंग बाजारात आणला. हिकडं 1907 ला काय झालं? सुरतला काँग्रेस फुटली! तिकडं हे फुटलं!” या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, हे विचारायची शिष्यांची छाती नाही. शाळेतही नव्हती.

त्यांचं मुख्य सूत्र एकच: झाडाचा पाला दहा मिनिटांत काळं करत नसतो. आणि हे सूत्र, इतिहास बाजूला ठेवून सांगतो, शंभर टक्के खरं आहे. मेंदीच्या पानात लॉसोन असतं. ते केसातल्या केराटिनला चिकटतं आणि रंग देतं तो नारिंगी-तांबडा. काळा तिच्या कुळातच नाही.

आता कढई. शनिवारी रात्री अण्णा स्वयंपाकघरात शिरतात. मेंदी राजस्थानातल्या सोजतची, “2021 ला जीआय मिळालंय तिला” हे पिशवी फोडतानाच सांगून होतं. चहाचं उकळलेलं पाणी, आवळ्याची पूड आणि खास जतचा म्हणून डाळिंबाच्या सालींचा काढा. तालुक्यात डाळिंबाला तोटा नाही. दाणे नातवंडांना, साली आजोबांना. सालीत टॅनिन असतं, ते लोखंडाला भेटलं की काळपट होतं, म्हणून कढई लोखंडीच हवी. घरात लोखंडी कढई एकच. अण्णांच्या कारभारीण आक्का त्यात भजी तळतात. म्हणजे तळायच्या. रविवारी पाहुणे आले आणि आक्कांनी झाकण उघडलं, त्यानंतर जे झालं ते अण्णा कुठल्याही तासाला शिकवत नाहीत. आता घरात कढया दोन आहेत, आणि एकीच्या कडीला तांबडं सूत बांधलंय.

लेप लागला की डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. ऊन लागू नये म्हणून पिशवी घातलेल्या डाळिंबागत अण्णा तीन-चार तास ओट्यावर बसून राहतात. त्या वेळात कोणीही आलं तरी ते उठत नाहीत, मान हलवत नाहीत. कपाळावरून हिरवा ओघळ उतरत असतानाच गावच्या गप्पा होतात. खरी परीक्षा धुताना. मेंदी केसांतून सुटायला बादल्यांवर बादल्या लागतात आणि हे जत आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी कुठवर आलं, यावर इथं निवडणुका लढल्या जातात. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून उन्हाळे काढलेली ही माणसं. बोअरचं पाणी क्षारी, त्यानं केस झाडूच्या काड्यांवर जातात. आक्का दारात उभ्या राहून म्हणतात, “कडीपत्त्याला तांब्याभर घालू देत न्हाईत, आन् डोक्यावर बघा धरण फोडलंय.” तडजोड म्हणून अण्णा आता कडीपत्त्याच्या आळ्यातच बसून डोकं धुतात. कडीपत्ता झकास आहे.

पहिल्या खेपेला रंग आला नारिंगी. अण्णांचे केस पूर्ण पांढरे, त्यामुळे तो लपायला जागाच नव्हती. बाजारात एक वयोवृद्ध हाजीसाहेब भेटतात, त्यांची दाढी कित्येक वर्षं अशीच मेंदीनं रंगलेली. ते ती तोऱ्यात मिरवतात, कुणाला फसवायचं नाही, काही लपवायचं नाही. अण्णांची पंचाईत वेगळी. त्यांना रंग पाल्याचा हवा, पण पाला लावल्याचं कुणाला कळता कामा नये. माझ्या मते सगळं दुखणं इथंच आहे. तपकिरी-तांबूस डोकं घेऊन खुशाल फिरायची तयारी असेल, तर मेंदीइतकी सोयीची चीज नाही. काळंच हवं आणि लगेच हवं म्हटलं, की पुडीची मागची बाजू आलीच.

तरी अण्णा हटले नाहीत. मेंदीवर नीळ चढवली की काळ्याच्या जवळ जाता येतं, हे त्यांना समजलं. निळीच्या पाल्याची पूड, पाण्यात कालवून पाव तासात लावायची. दुकानदारानं आधी कपड्यांची नीळ काढून दिली होती, ती वेळेवर परत गेली. “ज्या निळीपायी गांधीजी 1917 ला चंपारणला गेले, ती आज माझ्या डोक्यावर हाय,” असं म्हणत अण्णांनी ती लावली. धुतल्यावर रंग आला हिरवट. अण्णा दोन दिवस टोपी घालून फिरले, आणि दोन दिवसांनी खरोखरच गडद तपकिरी, जवळजवळ काळं डोकं बाहेर आलं. निळीची रीतच तशी, हवा लागेल तशी ती चढते. मिशीनं मात्र नीळ धरली नाही. ती तांबडीच राहिली.

शिष्यांच्या बाबतीत ते कडक आहेत. पाला झाला म्हणून काय, आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावायचा आणि 48 तास थांबायचं. “दोन दिस? अण्णा, साखरपुडा उद्या हाय!” “मग पांढऱ्यानंच कर. पोरगी केसास्नी देणार हाईत व्हय?” केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे पंधरवड्यात मुळाशी पांढरी रेघ डोकावतेच, तेव्हा अण्णांची शाळा बारमाही चालते. आक्कांनी जन्मात केस रंगवलेले नाहीत. कशाला रंगवतील, घरात एक शहाणा पुरेसा आहे.

मार्गशीर्षात यल्लम्माच्या यात्रेला गर्दीत उमदीकडचा एक म्हातारा अण्णांची मिशी निरखत उभा राहिला. डोक्याला भला थोरला पटका, हातात काठी. “येन्री मास्तर, बण्ण हच्चीरेन?” त्यानं विचारलं. रंग लावलात काय, या प्रश्नाची अण्णा जन्मभर वाट बघत असावेत. जनावरांच्या बाजारात खिलारी बैलांच्या मधोमध उभं राहून त्यांनी अर्धं कानडी, अर्धं मराठी असं सगळं सांगितलं: सोजत, साली, कढई, नीळ, कोपरावरचा ठिपका, श्युलर, सुरत. म्हाताऱ्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर घाम पुसायला त्यानं पटका काढला. खाली एक केस नव्हता.

अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “मिशीला लावा. पण आधी ठिपका.”